बारा तारांच्या गिटारला जागा करून देताना

पॉवर पॉप (खणखणीत गिटारींचं सुरेल रॉक) आणि अमेरिकाना (कंट्री-फोकच्या मुळांचं संगीत) दोन्ही वाजवणारा बँड आला, की साउंडवाल्याला एकाच मंचावर दोन बँडचं सामान बसवावं लागतं. एका बाजूला व्हॉक्स कंपनीच्या ॲम्पमधून खणखणणारी बारा तारांची रिकनबॅकर गिटार आणि सरळ ठोके देणारा ड्रमर, दुसऱ्या बाजूला पेडल स्टील (पेडलं लावलेलं आडवं गिटार), अकूस्टिक गिटार आणि ब्रशनं घासला जाणारा स्नेअर ड्रम. शिवाय गाणारे चौघं. अमेरिकेतल्या मिनीॲपोलिसच्या क्लबांना याची सवय आहे. जेहॉक्स हा बँड १९८५ मध्ये याच शहरात सुरू झाला. बारातारी आणि पेडल स्टीलची ही जोडी त्याहूनही जुनी. १९६५ मध्ये आपल्या गिटारवाल्याच्या, रॉजर मॅग्विनच्या, हातातली बारा तारांची रिकनबॅकर जगाला ऐकवणारे अमेरिकन बँडवाले बर्ड्‌स १९६८ मध्ये कंट्री संगीताच्या गावी, नॅशव्हिलला, गेले आणि पेडल स्टीलवाल्यांना सोबत घेऊन ध्वनिमुद्रण करून आले. तेव्हापासून ही दोन वाद्यं एकाच बँडच्या गाडीतून फिरतात.

इथे दिलाय तो जानेवारीतल्या एका कार्यक्रमाचा क्रम. खोली अडीचशे माणसांची, छत बुटकं, बँड पाच जणांचा. एवढ्या खोलीत मिक्सरवर जे साधतं त्याहून जास्त ॲम्प कुठे ठेवला आणि त्याचं तोंड कुणीकडे केलं यावर ठरतं. म्हणून मिक्सरला हात लागेपर्यंतच बरंच लिहावं लागणार आहे.

सामान दुपारी चारला आत आलं. बाहेर उणे अठरा सेल्सिअस, आत वीस. गाडीत गारठलेली गिटार आत आणून लगेच पेटी उघडली, की थंड लाकडावर आणि धातूवर दमट हवेतलं पाणी धरतं, आणि जुन्या नायट्रोसेल्युलोज लॅकरला बारीक तडे जातात. म्हणून पेट्या बंद ठेवून भिंतीपासून लांब उभ्या केल्या, तासभर कुणी हात लावला नाही. व्हॉल्व्हचे ॲम्पही तसेच, पाणी सुकेपर्यंत प्लग लावायचा नाही. तेवढ्या वेळात ड्रम मांडून होतात, केबल पसरून होतात. वेळ वाया जात नाही.

पहिलं खरं काम विजेचं. अमेरिकेत १२० व्होल्ट आणि अशा जागी बहुधा २० अँपिअरची सर्किटं असतात. सतत चालणारा भार ८० टक्क्यांपर्यंतच धरायचा, म्हणजे १६ अँपिअर, साधारण १,९०० वॉट. मंचावरचे सगळे ॲम्प मिळून यात आरामात बसतात. अडचण भाराची नसते, शेजाऱ्यांची असते. दिव्यांचे डिमर त्याच सर्किटवर असले तर गिटारमध्ये गुणगुण येते, बारमधलं बर्फाचं मशीन असलं तर दर वीस मिनिटांनी स्पीकरमधून ‘टक’ ऐकू येतं. म्हणून मंचाचे सगळे ॲम्प आणि मिक्सर एकाच स्वच्छ सर्किटवरून, आणि दिवे वेगळ्या. घरघर राहिलीच तर डीआय बॉक्सवरचं (वाद्य थेट मिक्सरला जोडणारी डबी) ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून बघायचं. ॲम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन तोडणारे लोक अजून भेटतात. तो जिवाशी खेळ आहे, कारण गिटारच्या तारांना हात आणि माइकला ओठ एकाच वेळी लागलेले असतात.

मग चॅनलची यादी. ड्रमचे पाच: किक (पायानं वाजवायचा मोठा ड्रम), स्नेअर, दोन टॉम, वरून एक ओव्हरहेड. सहावा बास, डीआयमधून. सातवा मुख्य गिटारवाल्याचा व्हॉक्स, आठवा गायकाचा फेंडर डीलक्स रिव्हर्ब ॲम्प, नववी अकूस्टिक गिटार डीआयमधून, दहावा स्टील, अकरावा कीबोर्ड, बारा ते पंधरा चार गळे. सोळाच्या स्टेज बॉक्समध्ये एक मोकळा राहिला. तो मुद्दाम मोकळाच ठेवला, कारण कार्यक्रम चालू असताना एखादी केबल गेली तर जॅक तिकडे हलवता येतो.

मांडणी अशी केली. ड्रम मागे मध्यभागी, पण भिंतीपासून दोन फूट पुढे. अगदी कोपऱ्यात ढकलले तर किकचा घुमारा वाढतो. व्हॉक्स एसी-३० प्रेक्षकांच्या डाव्या हाताला, तोंड थेट लोकांकडे न करता मंच आडवा छेदून समोरच्या कोपऱ्याकडे. आकड्यात ३० वॉट कमी वाटतात, पण ही खोली भरून टाकायला ते पुरेसे आहेत. हा ॲम्प जमिनीवर ठेवला की वाजवणाऱ्याच्या गुडघ्यांना ऐकू येतो, कानांना नाही. मग तो आवाज वाढवत जातो आणि तिसऱ्या रांगेतल्या माणसाचे कान फाटतात. तिरका टेकवून स्पीकरचं तोंड वाजवणाऱ्याच्या कानाकडे केलं, की दोन गाण्यांत तो स्वतःच नॉब खाली आणतो. त्याला ‘कमी कर’ म्हणून सांगण्यापेक्षा हे शंभर पटीनं चांगलं.

व्हॉक्सचं आणखी एक गुपित. त्याचा ‘कट’ नॉब उलटा चालतो, जितका वर न्याल तितका तीक्ष्णपणा कमी होतो. पाहुणा गिटारवाला क्लबचा ॲम्प वापरत असेल तर हमखास गोंधळतो आणि ट्रेबल छाटतोय असं समजून नॉब खाली आणतो, आणि ट्रेबल उलट वाढतो.

आता बारा तारा. या गिटारवर सहा जोड्या असतात. वरच्या पट्टीच्या दोन जोड्यांत दोन्ही तारा एकाच सुरात, खालच्या चार जोड्यांत एक तार मूळ सुराची आणि दुसरी एक सप्तक वर. बहुतेक बारातारी गिटारांवर हात खाली मारताना आधी बारीक तार लागते. रिकनबॅकरवर हा क्रम उलटा, आधी जाड आणि मग बारीक. त्यामुळे तिच्या झणकारात मूळ सूर ठाम राहतो आणि चमक मागून येते. तिसऱ्या जोडीतली बारीक तार ३९२ हर्ट्झला लागते, म्हणजे पहिल्या तारेच्या ३३० पेक्षाही वर. गिटारवरचा हा सगळ्यात चढा सूर, आणि सगळ्यात आधी तुटते तीही हीच. सुट्या तारांच्या पाकिटात हिच्या जास्तीच्या दोन-तीन असल्याशिवाय बँडनं घराबाहेर पडू नये.

थंडीतून आत आलेल्या गिटारच्या तारा आधी उतरतात, कारण पोलाद ऊब लागताच लांबतं. लाकूड त्यामागून सावकाश बदलतं. त्यामुळे पेटी उघडल्याबरोबर लावलेला सूर अर्ध्या तासात पुन्हा बिघडतो. लावण्याची पद्धतही ठरलेली आहे. आधी सहाही मूळ तारा ट्यूनरवर लावायच्या, मग जोडीदारणी एकेक, आणि प्रत्येक वेळी शेजारची तार बोटानं दाबून, नाहीतर ट्यूनरला दोन सूर ऐकू येतात आणि काटा नाचत बसतो. बाराव्या तारेपर्यंत पोहोचेतो मानेवरचा ताण बदललेला असतो, म्हणून पहिल्यापासून आणखी एक फेरी. कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावला तर जोडीतल्या जाड आणि बारीक तारा सारख्या दाबल्या जात नाहीत, एखादी चढतेच. गिटारच्या मानेवरच्या पट्टीला (फ्रेटला) अगदी चिकटवून, बेताच्या दाबानं लावायचा आणि पुन्हा कान द्यायचा. बँडनं गाण्यांचा क्रम लावतानाच हे धरलं होतं. बारातारीची गाणी तीन-तीनच्या गटात, प्रत्येक गटानंतर स्टीलचं संथ गाणं, म्हणजे गिटारवाल्याला कडेला उभं राहून आवाज बंद करून सूर लावायला चार मिनिटं मिळतात.

त्या खणखणाटामागे कॉम्प्रेसरचा हात असतो. मॅग्विनच्या ध्वनिमुद्रणातही तो होता. आघात दाबला जातो, मागे विरत जाणारा सूर वर उचलला जातो आणि तार हार्मोनियमसारखी लांबत राहते. पण कॉम्प्रेसर सुराबरोबर गुणगुणही उचलतो, आणि सिंगल कॉइल पिकअपना गुणगुण वर्ज्य नाही. मिडवेस्टच्या बारमध्ये याचं ठरलेलं कारण म्हणजे भिंतीवरच्या बिअरच्या निऑन पाट्या. त्यांच्या ट्रान्सफॉर्मरची ६० हर्ट्झची घरघर गिटारमध्ये थेट शिरते. गिटारवाल्याला जागेवरच हळूहळू फिरायला सांगायचं. एका कोनात घरघर जवळपास नाहीशी होते, तिथे जमिनीवर टेप मारायची. त्या दिवशी मंचाजवळच्या दोन पाट्या सरळ बंद करून घेतल्या. बारवाल्याला आधी विचारलं, हे सांगायला नकोच.

व्हॉक्ससमोर माइक म्हणून एसएम-५७, जाळीला जवळजवळ टेकवून, स्पीकरच्या मध्यापासून दोन-तीन इंच बाहेर. अगदी मध्यावर धरला तर काच फुटल्यासारखं ऐकू येतं.

पेडल स्टील आपल्याकडच्या जुन्या श्रोत्याला अनोळखी वाटणार नाही. मुंबईत व्हॅन शिपली ज्या जातीचं गिटार वाजवायचे, त्याच हवाईयन घराण्यातलं हे वाढीव वाद्य आहे. ई-नाइन या ट्यूनिंगमध्ये दहा तारा, तीन पेडल आणि गुडघ्यानं ढकलायचे चार-पाच लिव्हर. पहिलं पेडल पाचवी आणि दहावी तार दोन अर्धस्वर चढवतं, दुसरं तिसरी आणि सहावी एक अर्धस्वर. पियानोवर न मिळणारी ती ओढ यातूनच येते. तिसरी तार ०.०११ इंचाची, आणि दुसरं पेडल दाबलं की दर वेळी ताणली जाते. तुटायचा मान तिचा.

साउंडचेकच्या वेळी इथे दोन गोष्टी नडतात. एक म्हणजे व्हॉल्यूम पेडल. स्टीलवाला ते पूर्ण दाबून वाजवत नाही. अर्ध्यावर सुरू करतो आणि सूर विरू लागला की दाबत नेतो, म्हणून तो सूर मरत नाही. त्याच्या अर्ध्या पेडलवर गेन (मिक्सरमध्ये आत येणाऱ्या आवाजाची पातळी) लावला तर सोलोच्या वेळी चॅनल लाल होतो. त्याला पूर्ण दाबून एक झटका द्यायला सांगायचं, गेन त्यावर लावायचा आणि वर सहा डेसिबल जागा सोडायची. आमचा कॉम्प्रेसर या चॅनलवर नको, ते काम त्याचा पाय करतो.

दुसरी गोष्ट सुरांची. पियानोच्या समान अंतरांत तीव्र वाटणारा गंधार स्टीलवाले मुद्दाम किंचित उतरवून लावतात. तानपुऱ्यातून ऐकू येणारा गंधार ३८६ सेंटवर, पियानोचा ४०० वर. मधल्या चौदा सेंटांत स्टीलवाला स्वतःच्या कानानं जागा निवडतो. एकत्र गाणारे गळेही आपोआप त्याच खालच्या गंधाराकडे सरकतात. बारातारीला मात्र फ्रेटच्या ठरलेल्या पट्ट्या, तिचा गंधार ४०० वरच. दोन्ही एकदम ऐकवली तर लाटा उठतात आणि ‘कुणीतरी बेसूर आहे’ असं सगळ्यांना वाटू लागतं. कुणीच बेसूर नसतं. अनुभवी बँड अशा जागी बारातारीला गंधार सोडून नुसते सा आणि प वाजवायला लावतो. या बँडचंही तेच होतं. भर म्हणून पहिली दोन पेडलं एकदम दाबली की वाद्याची चौकटच जरा वाकते आणि न दाबलेल्या तारा केसभर उतरतात. स्टीलवाला ते हातातल्या पोलादी दांड्यानं सावरतो, ट्यूनरवर त्याला इलाज नाही.

स्टीलचा ॲम्प ड्रमरच्या बाजूला, व्हॉक्सच्या समोरच्या टोकाला ठेवला. दोघांचीही वस्ती दोन ते चार हजार हर्ट्झमध्ये. शेजारी शेजारी ठेवले तर लोकांना एकच मोठी गिटार वाजतेय असं वाटतं.

बास आणि ड्रमचं लवकर उरकलं. पण ब्रशचं गाणं आणि काठ्यांचं गाणं यांत स्नेअरची पातळी इतकी बदलते, की मिक्सरमध्ये दोन वेगळ्या सेटिंग्ज साठवाव्या लागल्या. ड्रमर गातही होता. त्याच्या माइकमध्ये झांजा शिरतात, म्हणून सुपरकार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारा माइक, आणि तो गात नसलेल्या गाण्यांत बंद. गाण्यांच्या यादीवर प्रत्येक कडव्याशेजारी कोण गातो हे पेन्सिलीनं लिहून घेतलं होतं.

खरा वेळ गेला गळ्यांवर. हे संगीत सुरांच्या थरांवर उभं आहे. मुख्य गळा, वर एक तिसऱ्या सुरावर (सा ला ग), खाली एक. बारातारीची सगळी चमक नेमकी शब्दांच्या व्यंजनांवर बसते. व्हॉक्सच्या चॅनलवर ३,००० हर्ट्झच्या आसपास तीन डेसिबलचा रुंद खड्डा काढला आणि गळ्यांना तिथे हात लावला नाही. गिटारवाल्याला फरक कळलाही नाही, शब्द मात्र लगेच सुटे झाले. गळ्यांचं १२० हर्ट्झखालचं सगळं कापलं, कारण ओठ माइकला टेकले की खर्ज फुगतो. माइकपासूनचं अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल जातात. तिघांचे ओठ वेगवेगळ्या अंतरांवर असतील तर सुरांचा थर बसत नाही, मिक्सरवरचे फेडर (आवाजाच्या सरकपट्ट्या) कितीही हलवा. हे तालमीत सांगायचं, कार्यक्रमात नाही.

शिट्टीचं (स्पीकरचा आवाज माइकमध्ये परत शिरून होणाऱ्या फीडबॅकचं) गणित साधं आणि क्रूर आहे. उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टीआधीची तीन डेसिबल जागा जाते. चार गळ्यांचे चार माइक म्हणजे एका गायकाच्या मानानं सहा डेसिबल आधीच गेले. म्हणून मॉनिटरमध्ये (गाणाऱ्यांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून ठेवलेल्या स्पीकरमध्ये) फक्त गळे घातले, गिटारींना बंदी. साधा कार्डिऑइड माइक बरोबर पाठीमागे बहिरा असतो, म्हणून वेज (जमिनीवरचा तिरका मॉनिटर) त्याच्या थेट मागे ठेवायचा. सुपरकार्डिऑइड पाठीमागे थोडं ऐकतो आणि १२० अंशांच्या आसपास बहिरा असतो, म्हणून त्याचा वेज कडेला सरकवायचा. माइक बदलून वेज तिथेच ठेवणं हे शिट्टीचं सगळ्यात नेहमीचं कारण आहे. मग प्रत्येक वेज शिट्टी येईपर्यंत वाढवायचा, ती पट्टी ३१ पट्ट्यांच्या इक्वलायझरवर तीन डेसिबल खाली घ्यायची, पुन्हा वाढवायचा. चार-पाच पट्ट्यांनंतर थांबायचं. त्यापुढे शिट्टीबरोबर गळाही कापला जातो आणि गायक ‘मला ऐकू येत नाही’ म्हणून आणखी मागतो. अकूस्टिक गिटारची घुमणारी शिट्टी १०० ते २०० हर्ट्झमध्ये. तिला रबराचं झाकण छिद्रावर बसवलं आणि डीआयचा पोलॅरिटी स्विच उलटा करून बघितला. दोन्हींनी मिळून काम झालं.

सातला दारं उघडली, आठला पहिला बँड, सव्वानऊला हे पाच जण. रिकाम्या खोलीत साडेसहाला लावलेला आवाज नऊला तसा राहत नाही. माणसं तीक्ष्ण आवाज शोषतात, जानेवारीत अंगावर जाड कोट असतात, ते तर फारच. पहिल्या गाण्यात झांजा आणि व्यंजनं बसल्यासारखी वाटली, मुख्य स्पीकरना वरच्या पट्टीत दीड डेसिबल दिलं. गळ्यांवरचा दीड सेकंदाचा रिव्हर्ब गाणं संपलं की बंद करायचा, नाहीतर गायकाच्या गप्पा देवळाच्या गाभाऱ्यातून आल्यासारख्या वाटतात.

तीन-तीन मिनिटांची गाणी, पंचाहत्तर मिनिटांत वीस. मिक्सरजवळ पातळी ९७-९८ डीबीएच्या (कानाच्या हिशेबानं मोजलेल्या डेसिबलच्या) आसपास धरली. अमेरिकेच्या कामगार-आरोग्य पाहणाऱ्या निऑश संस्थेच्या हिशेबानं ८५ ला आठ तास चालतं, दर तीन डेसिबलना वेळ निम्मी, म्हणजे १०० ला फक्त पंधरा मिनिटं. मिनीॲपोलिसच्या बारमध्ये कानात घालायचे बोळे फुकट मिळतात, ते मागून घ्यावेत. त्यानं मिक्स बिघडतं ही समजूत तेवढी सोडून द्यावी.

शेवटी लोकांनी परत बोलावल्यावर तिघं एकाच कंडेन्सर माइकभोवती उभे राहिले, अकूस्टिक गिटार मध्ये. जुनी ब्लूग्रासची पद्धत. सगळे वेज बंद, बाकीचे सगळे माइक बंद, कंडेन्सर माइकला लागणारे ४८ व्होल्ट आधीपासून चालू करून ठेवलेले, कारण म्यूट न करता चालू केले की मोठा धप्प आवाज येतो. फेडर गाण्याच्या पातळीपेक्षा चार डेसिबल खाली. इथे मिक्स गाणारेच करतात, ज्याचा सूर वर हवा तो अर्धा पाऊल पुढे येतो. लोक गप्प बसले तरच हे चालतं. बारजवळ गप्पा चालू असतील तर फेडर वाढवायचा मोह आवरावा, वाढवला तर शिट्टीच ऐकू येईल.

साडेदहानंतर सामान आवरणं आणि हिशेब एकाच वेळी चालतात. अशा क्लबात करार बहुधा ‘हमी किंवा टक्के, जे जास्त ते’ असा असतो. उदाहरणार्थ, १८० तिकिटं, २० डॉलरप्रमाणे ३,६०० डॉलर. साउंड, दारावरचा माणूस, जाहिरात आणि पहिला बँड असा खर्च ९०० वजा जाता २,७०० उरतात, त्याचे ८० टक्के म्हणजे २,१६०. हमी १,२०० ची असली तर बँडला २,१६० मिळतात. खर्चाची यादी आधीच कागदावर घ्यावी, रात्री अकराला ‘आणि हेही होतं’ ऐकायला लागू नये. दुसऱ्यांची गाणी वाजवली तर परवानगीची चिंता बँडनं करायची नाही, अमेरिकेत गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या ॲस्कॅप आणि बीएमआय या संस्थांचा वार्षिक परवाना जागेच्या मालकाकडे असतो. टी-शर्ट आणि रेकॉर्डच्या विक्रीत क्लब वाटा मागतो की नाही, हेही मात्र आधी विचारून ठेवावं. पाच माणसं, एक गाडी आणि पुढच्या गावचं पेट्रोल यांचा हिशेब बऱ्याचदा त्या टेबलावरच जुळतो.